तीन टक्के

ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यावा की नाही, या एका प्रश्नावर मी चार वर्षं काढली. फोन घ्यायचा तर दोन दिवसांत ठरतं, कारण फोन लागतोच. ई-रीडर मात्र कुणालाही लागत नाही. पुस्तक कागदावर वाचता येतं, फोनवर येतं, कामाच्या संगणकावरही चोरून वाचता येतं. मग आणखी एक यंत्र कशाला, याचं उत्तर आपलं आपल्यालाच द्यावं लागतं, आणि मी स्वतःला पैसे देताना फार चिकट आहे.

पहिला हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर मांडला होता. छापील पुस्तक आणि त्याची ई-आवृत्ती यांच्या किमतीत सरासरी किती फरक पडतो, मी वर्षाला किती पुस्तकं वाचते, आणि यंत्राच्या किमतीला या गुणाकाराने भागलं तर किती वर्षांत पैसे वसूल होतात. उत्तर आलं तीन वर्षं दोन महिने. बरं वाटलं. मग लक्षात आलं, की मी वर्षाला २४ पुस्तकं धरली होती. मागच्या वर्षी खरोखर वाचलेली मोजली तर अकरा भरली. त्यातली पाच ग्रंथालयातली, दोन पूर्वी वाचलेलीच. उरलेल्या चार पुस्तकांवर यंत्र वसूल करायचं तर पुढचा जन्म लागला असता.

तरी मी चिकाटी सोडली नाही. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली जुनी पुस्तकं फुकट मिळतात, ती धरू म्हटलं. मायकेल हार्ट यांनी ४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप करून ठेवला आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गची सुरुवात झाली. आज तिथे हजारो पुस्तकं कुणालाही उतरवून घेता येतात. पण ती फोनवरही उतरवता येतात! फुकट वस्तूमुळे होणारी बचत यंत्राच्या खात्यात कशी जमा करणार? शिवाय स्वस्त पुस्तकांचा माझा अनुभव असा, की पुस्तक निम्म्या किमतीत मिळालं की मी दोन घेते. तो हिशेब मी तिथेच खोडला.

पुढची दोन-तीन वर्षं हा विषय फक्त घरातल्या गप्पांत निघायचा. सगळे त्याला 'किंडल' म्हणतात, यंत्र कुठल्याही कंपनीचं असो. छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतो तसं. असाच एकदा निघाला तेव्हा माझा मावसभाऊ म्हणाला, "ताई, माझाच घेऊन जा की. वापरून बघ महिनाभर, दोन महिने. मला काही घाई नाही."

घाई नाही, हे तो जरा जास्तच चटकन म्हणाला. तेव्हा मला ते औदार्य वाटलं.

त्याने खणातून यंत्र काढून दिलं. पडद्यावर पेन्सिलच्या टोकांचं एक सुंदर चित्र होतं. दुकानातून आणताना चिकटवलेला कागद काढायचा राहिला असावा, असं वाटून मी कोपऱ्यातून नखाने खरवडलं. तो हसायला लागला. "अगं, तो पडदाच आहे. बॅटरी केव्हाच गेलीय."

ही गोष्ट मी वाचलेली होती, तरी डोळ्यांना पटायला वेळ लागला. पडद्याच्या आत साधारण केसाएवढ्या जाडीच्या लाखो कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव, आणि त्यात तरंगणारे पांढरे व काळे कण. पांढऱ्यांवर धन विद्युतभार, काळ्यांवर ऋण. खालून योग्य तो विद्युतदाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. आणि एकदा जागेवर बसले, की तिथेच राहतात. त्यांना तिथे टिकवून ठेवायला वीज लागत नाही. म्हणजे यंत्र मेलं तरी शेवटचं पान तसंच. वीज खर्च होते ती पान उलटताना. फोनच्या पडद्यावरचं अक्षर म्हणजे सतत तेवत ठेवलेला दिवा, आणि हे अक्षर पाटीवर लिहिल्यासारखं, पुसेपर्यंत राहणारं.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही कल्पना आकाराला आणली, १९९७ मध्ये त्यातून ई इंक ही कंपनी निघाली. सोनीने २००४ मध्ये जपानात असा पडदा लावलेला लिब्रिए हा रीडर आणला. अ‍ॅमेझॉनचा पहिला किंडल आला तो १९ नोव्हेंबर २००७ रोजी, ३९९ डॉलरला, आणि साडेपाच तासांत साठा संपला. त्या साडेपाच तासांत घेणाऱ्यांपैकी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केलेले किती असतील, असं मला उगाच वाटून जातं.

रात्री यंत्र चार्ज करून उघडलं. आत एक्केचाळीस पुस्तकं. प्रत्येकाखाली किती वाचून झालं त्याची टक्केवारी. तीन टक्के, पाच टक्के, तीन टक्के, दोन, अकरा, तीन. पहाटे लवकर उठण्याचे फायदे सांगणारं एक पुस्तक तेवढं बासष्ट टक्क्यांपर्यंत गेलं होतं. माझा भाऊ दहाच्या आत उठल्याचं घरात कुणाला आठवत नाही. कागदी पुस्तक अर्धवट सोडलं तर निदान फडताळात गुपचूप उभं राहतं. त्याच्या पाठीवर कुणी 'तीन टक्के' असं लिहीत नाही. दुसऱ्याची रोजनिशी उघडावी तसं वाटून मी यादी बंद केली, आणि दोन मिनिटांनी त्यातलंच एक पुस्तक उघडलं.

पहिला आठवडा चिडचिडीचा गेला. बोट लावलं की पान लगेच उलटत नाही, क्षणभर विचार केल्यासारखं थांबतं. मधूनच सगळा पडदा काळा होऊन लखकन पांढरा होतो. मागच्या पानाच्या पुसट सावल्या राहतात त्या पुसण्यासाठी. अंगठा चुकून कडेला टेकला की पान पुढे. काही जुनी मराठी पुस्तकं मी पीडीएफच्या रूपात जमवून ठेवली होती, ती मोठ्या हौसेने चढवली आणि तोंडावर आपटले. पीडीएफ म्हणजे पानाचं छायाचित्रच असलं तर सहा इंची पडद्यावर ते अख्खं पान मावतं खरं, पण अक्षरं मुंगीएवढी होतात. मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावीकडून उजवीकडे ढकलत बसावं लागतं. ईपबसारख्या रूपातलं पुस्तक पाण्यासारखं असतं, पडद्याच्या आकाराप्रमाणे पसरतं. पीडीएफ म्हणजे बर्फाची लादी. ज्यांचं वाचन मुख्यतः स्कॅन केलेली पुस्तकं, आकृत्या आणि तक्ते यांचं आहे, त्यांनी छोट्या ई-रीडरच्या वाटेला जाऊ नये. एवढा एक निष्कर्ष मी पाचव्याच दिवशी काढला, आणि तो मला अजूनही बदलावासा वाटलेला नाही.

दुसरी गोष्ट कळली ती अक्षरांची. चाळिशी हा शब्द मराठीत वयालाही आहे आणि चष्म्यालाही, आणि दोन्ही मला एकाच वर्षी लागल्या. रात्री झोपून वाचताना चष्मा उशीत रुततो, काढून ठेवला तर पुस्तक हातभर लांब धरावं लागतं. इथे मी अक्षर दोन पायऱ्या मोठं केलं, ओळींमधलं अंतर वाढवलं आणि चष्मा बाजूला ठेवला. देवनागरीला हे अंतर रोमन लिपीपेक्षा जास्तच लागतं. वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, रुकार, दोन ओळींच्या मधल्या गल्लीत दोन्हीकडची माणसं बसलेली असतात. छापील पुस्तकात कागद वाचवण्यासाठी ती गल्ली अरुंद केलेली असते, आणि त्याबद्दल वाचक काही करू शकत नाही. पानावर अक्षरं मोठी झाली की शब्द कमी मावतात, म्हणून पानं भराभर उलटावी लागतात, आणि आपण वेगाने वाचतोय असा एक खोटा पण सुखद भास होतो. माझ्या वहीतल्या कुठल्याच हिशेबात अक्षराच्या आकाराचा रकाना नव्हता.

डोळ्यांबद्दल बोलतोच आहोत तर झोपेबद्दलही बोलून टाकते, कारण या यंत्राविरुद्ध माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीने पहिला मुद्दा तोच काढला होता. झोपण्यापूर्वी ई-रीडरवर वाचलं तर झोप उशिरा लागते, असं एक संशोधन २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालं होतं. १२ जणांनी काही रात्री छापील पुस्तक वाचलं, काही रात्री पडद्यावर. पडद्याच्या रात्री झोप साधारण १० मिनिटं उशिरा लागली. मी मुळातून वाचलं तेव्हा कळलं, की ज्याला तिथे ई-रीडर म्हटलंय तो आयपॅड होता, तोही पूर्ण उजेडावर ठेवलेला. त्याचा प्रकाश पडद्यामागून थेट डोळ्यांत येतो. ई-इंकच्या यंत्रात दिवे कडेला असतात आणि उजेड पानावर पसरून परततो, टेबलावरच्या दिव्याखाली पुस्तक धरल्यासारखा. जुन्या यंत्रांत तोही नव्हता. अंधार पडला की वाचन बंद. म्हणून ई-रीडरने झोपेवर काहीच परिणाम होत नाही, असं मी म्हणणार नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर माझी झोप उडाली ती पुस्तकामुळे, आणि तो दोष कागदालाही आहेच.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की मी फोनपासून सुटलेले नाही. यंत्राची जाहिरात करणारे नेहमी सांगतात, की यावर दुसरं काही करता येत नाही म्हणून मन लागतं. खरं आहे, यावर चलचित्र बघणं म्हणजे शिक्षा आहे. पण फोन काही मी नदीत सोडला नव्हता, तो शेजारीच होता. तरीही फरक पडत होता, आणि कशाने पडतोय हे मी काही दिवस स्वतःवर पाळत ठेवून शोधलं. फोनवर पुस्तक वाचताना निरोप आला की बोट वरून खाली सरकतं आणि आपण पुस्तकाबाहेर. गेल्याचं कळतही नाही. इथे बाहेर जायचं तर हातातली वस्तू खाली ठेवून दुसरी उचलावी लागते. तेवढी एक हालचाल. दहापैकी सहा वेळा मी ती करायचे, चार वेळा आळस करायचे. म्हणजे पैसे मोजायचे होते ते या चार वेळच्या आळसाचे. वसूल होण्यासारखा सौदा आहे, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

पण माझ्या भावाकडे हेच यंत्र होतं, तोच पडदा, तोच आळस, आणि त्याचे तीन टक्के. ही गोष्ट मला टोचत राहिली. मग आठवलं, की मागच्या दोन वर्षांत मी फोनवर, डोळे चोळत, बॅटरी सांभाळत, तीन जाडजूड पुस्तकं पूर्ण केली होती. भावाने फोनवर एकही वाचलेलं नव्हतं. वाचन वाढावं म्हणून त्याने यंत्र घेतलं होतं. आता मला कुणी विचारलं तर मी पुस्तकांचा भाव विचारत नाही, फोनवर किती पुस्तकं पूर्ण केलीस एवढंच विचारते. शून्य असेल तर पैसे राहू दे म्हणते. वाचायची सवय असलेल्याच्या पायातला काटा हे यंत्र काढतं. चालायला लावणं त्याच्या हातात नाही.

काही काटे ते नव्याने टोचतंही. एका मैत्रिणीने विचारलं, सध्या काय वाचतेस? मी दीडशे पानं वाचलेल्या कादंबरीचं नाव मला सांगता येईना. लेखिकेचंही नाही. गोष्ट सगळी आठवत होती, पण मुखपृष्ठ मी एकदाच पाहिलं होतं. यंत्र उघडलं की थेट सोडलेलं पान येतं. कागदी पुस्तक आपण दहा वेळा उचलतो, दहा वेळा ते आपलं नाव सांगतं. हा माझाच वेंधळेपणा असेल म्हणून मी शोधत गेले. नॉर्वेतल्या स्टावांगर विद्यापीठाच्या अ‍ॅन मँगन यांनी ५० वाचकांना एक लांबलचक रहस्यकथा वाचायला दिली होती, निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडलवर. बहुतेक बाबतींत दोघांची समज सारखीच निघाली. मात्र कुठली घटना आधी आणि कुठली नंतर, हे विचारल्यावर कागदवाले सरस ठरले. छापील पुस्तकात डाव्या हाताची जाडी वाढत जाते, उजव्याची कमी होते. नायिका पत्र फाडते ते 'पुस्तकाच्या साधारण मध्यावर, डाव्या पानावर खाली' असं बोटांना ठाऊक असतं. यंत्रात पहिलं पान आणि शेवटचं पान एकाच वजनाचं, एकाच जागी. खाली एक आकडा बदलतो, बस्स. ५४ अभ्यासांचा एकत्र विचार करणारा एक आढावा २०१८ मध्ये आला, त्यातही माहितीपर मजकुरासाठी कागदाचं पारडं जड ठरलं आणि निव्वळ गोष्टींसाठी फारसा फरक दिसला नाही. माझ्या वाचनाची वाटणी मी त्यावरून करून टाकली: कादंबऱ्या आणि प्रवासवर्णनं यंत्रावर, ज्यात मागेपुढे जाऊन ताडून पाहायचं ते कागदावर.

आणि विकत घेतलेलं पुस्तक आपलं असतं का, हा जो प्रश्न आहे, तो मला आधी जरा वकिली वाटायचा. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या यंत्रांतून एक विकलेलं पुस्तक दूरवरूनच काढून घेतलं, कारण ज्याने ते विक्रीला ठेवलं त्याच्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, पुढे जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पुस्तक होतं जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४', छापून झालेला मजकूर सरकार मागे जाऊन पुसून टाकतं अशा जगाची गोष्ट. असा योग कुणी कादंबरीत लिहिला असता तर संपादकाने कापला असता. एका विद्यार्थ्याने त्यावर अभ्यासाच्या टिपा केल्या होत्या. टिपा राहिल्या, ज्याच्यावर होत्या ते पुस्तक गेलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, तेव्हा सगळ्यांची पुस्तकं उघडेनाशी झाली. त्यांनीही पैसे परत केले, आणि ज्यांनी पुस्तकांत खुणा किंवा टिपा केल्या होत्या त्यांना २५ डॉलर जास्तीचे दिले. समासात लिहिलेल्या शब्दांना कुणी दर लावल्याचं मी पहिल्यांदाच वाचलं. माझ्या कागदी पुस्तकांचे समास पाहता मी बरीच श्रीमंत बाई आहे.

दोन महिने होत आले होते. भावाच्या एक्केचाळीसपैकी नऊ पुस्तकं मी पूर्ण केली होती, दहावं चालू होतं. एके दिवशी यंत्र पिशवीत टाकलं, पिशवी खुर्चीवर, आणि मी बोलण्याच्या नादात त्या खुर्चीवर. आवाज फार बारीक आला. वरून काच शाबूत दिसत होती. ई-इंकच्या थराखाली आणखी एक पातळ काच असते, ती गेली होती. पडद्याच्या वरच्या भागात करड्या रेघांचं जाळं. खालच्या भागात मी वाचत होते ते पान तसंच राहिलं, अकरा ओळी, आणि तळाच्या कोपऱ्यात ४७ टक्के. दुरुस्तीवाल्याने हातात घेऊन सांगितलं, की या वस्तूत महाग काय ते पडदाच, बाकी डबा आहे.

मी त्याच दुपारी नवा ई-रीडर मागवला. तोच आकार, नंतरची आवृत्ती. चार वर्षं ज्या किमतीपाशी अडून बसले होते ती मी पाच मिनिटांत भरली. वहीसुद्धा उघडली नाही.

भावाकडे घेऊन गेले तर तो हात मागे घेत म्हणाला, "नको गं ताई, तूच ठेव. खरं सांगू? तुला दिला त्याआधी वर्षभर मी तो उघडलासुद्धा नव्हता. फुकट अपराधी वाटायचं मला त्याच्याकडे बघून." मग फोन काढून मला दाखवायला लागला. मी वाचत होते ते सगळं त्याच्या खात्यात चढत गेलं होतं. नऊ पुस्तकं शंभर टक्के. "हे बघ, दोन महिन्यांत किती सुधारलो मी!"

खूप वाद घातला. शेवटी निम्मे पैसे त्याने दिले, मोडक्या यंत्राची भरपाई म्हणून मी घ्यायचे की नव्या यंत्रातला त्याचा वाटा म्हणून, हे आमचं अजून ठरायचंय. यंत्र माझ्याकडे राहिलं. त्यावर मी माझं स्वतःचं खातं उघडलं. भावाच्या खात्यात किती दिवस राहणार? पण खातं बदललं तशी त्याची पुस्तकं त्याच्याकडे गेली, अर्धवट राहिलेलं ते दहावंही. माझ्याजवळ त्यातल्या अकरा ओळीच उरल्या, खणात, फुटलेल्या पडद्यावर. शेवटच्या ओळीत एक बाई दार उघडायला उठली आहे. बॅटरी कधीच संपली, बाई अजून उठतेच आहे.

ते पुस्तक पुन्हा विकत घ्यायला माझं मन होईना. ग्रंथालयात विचारलं तर छापील प्रत होती, पाठ उसवलेली, आधीच्या कुणीतरी पेन्सिलीने खुणा केलेली. टक्के वगैरे अर्थातच नव्हते. निम्म्याच्या जरा अलीकडे अंदाजाने बोट घातलं. पहिल्यांदा फार पुढे गेले. दुसऱ्यांदा दार उघडलं.